गोदाम दुसऱ्याचे, वही आपली

कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्रावर ८ सप्टेंबर १९५५ हा आचार्य शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेचा २६ वा दिवस होता. देह अत्यंत क्षीण झाला होता. त्या दिवशी महाराजांनी उपस्थितांना मराठीत उपदेश केला. त्याचा अवधी अर्ध्या तासाहूनही कमी होता. आत्मचिंतन आणि संयम हा त्याचा गाभा होता. दहा दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी, महाराजांची समाधी झाली. तो अखेरचा उपदेश आज सत्तर वर्षांनंतरही आपल्याजवळ आहे, कारण त्या डोंगरावर त्या दिवशी ध्वनिमुद्रणाची व्यवस्था केलेली होती आणि नंतरच्या लोकांनी तो शब्द सांभाळला. ज्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र गावोगावी नव्हते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनी आणि चित्र दोन्ही टिपणारे यंत्र आहे. मोठ्या शहरातील चातुर्मासाचे प्रवचन त्याच क्षणी खेड्यातील ओसरीवर दिसते. तरीही गेल्या वर्षीचे एखादे प्रवचन पुन्हा ऐकावे म्हटले, तर ते सापडेलच याची शाश्वती नाही. साधने वाढली आणि जतन मात्र सैल झाले, असे का व्हावे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करण्याची वेळ आली आहे.

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगसारख्या गावातील एखाद्या व्यापारी घराचे उदाहरण घ्यावे. पुढे दुकान, मागे घर. आजींना गुडघ्यांमुळे सोलापूरपर्यंतचा प्रवास झेपत नाही. दशलक्षण पर्वात नातू मोबाइल समोर ठेवतो आणि त्या थेट प्रक्षेपणातून प्रवचन ऐकतात. २०२५ च्या पर्वातील तिसऱ्या दिवसाचे, ३० ऑगस्टचे उत्तम आर्जव धर्मावरील प्रवचन त्यांच्या मनात घर करून राहिले. दिवाळी आटोपल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘बाळ, ते पुन्हा एकदा लाव रे.’’ नातवाने फेसबुकवरचा जुना दुवा उघडला, तर तेथे काहीच नव्हते. असा अनुभव आज एका घराचा राहिलेला नाही.

प्रक्षेपण आणि जतन

ते प्रवचन कोठे गेले, याचे उत्तर साधे आहे. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकने थेट प्रक्षेपणाचे व्हिडिओ केवळ ३० दिवस ठेवण्याचा नियम लागू केला. त्यापूर्वीचे जुने व्हिडिओही टप्प्याटप्प्याने काढण्याचे ठरले आणि ते उतरवून घेण्यासाठी संबंधितांना सूचनेपासून ९० दिवसांची मुदत देण्यात आली. म्हणजे ३० ऑगस्टचे प्रवचन सप्टेंबरअखेर नाहीसे होणार, हे आधीच ठरलेले होते. सूचना ज्या खात्यावरून प्रक्षेपण झाले त्या खात्याकडे जाते. ऐकणाऱ्या आजींना ती मिळत नाही.

इतर माध्यमांचे नियम वेगवेगळे आहेत. इन्स्टाग्रामवरील थेट प्रक्षेपण प्रक्षेपकाच्या संग्रहात ३० दिवस राहते. यूट्यूबवर १२ तासांपेक्षा कमी अवधीचे प्रक्षेपण आपोआप जतन होऊ शकते व ते पुढेही राहते. परंतु वाहिनीच्या चालकाने ते काढून टाकले, खासगी केले किंवा वाहिनीच बंद झाली, तर प्रेक्षकाच्या हाती काही उरत नाही. खेळांचे थेट प्रक्षेपण करणारी घरातील तरुण मंडळी ट्विच हे माध्यम वापरतात. तेथे मागील प्रक्षेपणे खात्याच्या दर्जानुसार ७ ते ६० दिवस ठेवली जातात. निवडक भाग व चढविलेले व्हिडिओ यांनाही एप्रिल २०२५ पासून एकूण १०० तासांची मर्यादा आहे.

माध्यमच बंद होण्याचे प्रसंगही घडले आहेत. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली, तेव्हा आपली सारी निर्मिती त्याच एका ठिकाणी ठेवणाऱ्या खेड्यापाड्यांतील मराठी कलाकारांचा प्रेक्षक आणि संग्रह एकाच वेळी हातचा गेला. थेट प्रक्षेपणासाठीच प्रसिद्ध असलेले ट्विटरचे पेरिस्कोप हे अॅप मार्च २०२१ मध्ये बंद करण्यात आले.

व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवला, तर गोदामाचे नियम मालकाचे असतात. तेथे भाडे आकारले जात नाही म्हणून तो माल सुरक्षित ठरत नाही. उलट ज्या गोदामाची पावतीच नाही, तेथे माल ठेवून निश्चिंत राहणारा व्यापारी विरळाच.

हरवलेले शोधताना

दुवा मृत झाला म्हणजे प्रवचन सर्वस्वी नष्ट झाले, असे लगेच मानू नये. शोध पद्धतशीर घेतला तर पुष्कळदा काहीतरी हाती लागते.

प्रथम चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: वक्ता कोण, स्थळ कोणते, दिनांक व तिथी कोणती आणि प्रक्षेपण कोणत्या खात्यावरून झाले. आठवण धूसर असेल तर मोबाइलमधील त्या दिवसांचे संदेश पाहावेत. निमंत्रणाचे चित्र, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात पाठविलेला दुवा किंवा कार्यक्रमपत्रिका यांतून नेमका दिनांक मिळतो. दिनांक मिळाला की अर्धा शोध संपला.

त्यानंतर यूट्यूबवर त्या वाहिनीचे पान उघडून ‘लाइव्ह’ हा विभाग पाहावा. पुष्कळ लोक केवळ ‘व्हिडिओ’ विभागात शोधतात आणि काही नाही म्हणून परततात. मागील थेट प्रक्षेपणे स्वतंत्र विभागात असतात. शोधताना देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत नाव लिहून पाहावे. शीर्षक हिंदी, कन्नड वा इंग्रजीतही असू शकते. सीमाभागातील कार्यक्रमांच्या बाबतीत तर कन्नड शीर्षकाची शक्यता मुळीच विसरू नये. एकच कार्यक्रम अनेक वाहिन्यांवरून दाखविला जातो. आयोजक समितीने काढलेले प्रक्षेपण एखाद्या युवक मंडळाच्या अथवा स्थानिक केबल वाहिनीच्या पानावर शिल्लक असू शकते.

जुना दुवा जवळ असेल तर तो निरुपयोगी समजून टाकून देऊ नये. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओला ११ चिन्हांची स्वतंत्र खूण असते व ती दुव्यातच असते. ती खूण शोधयंत्रात घातली, तर त्या व्हिडिओचे शीर्षक इतरत्र कोठे नोंदले आहे का, हे कळते. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती साठवीत आली आहे. तिच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुना दुवा घातल्यास त्या पानाची पूर्वीची प्रत कधी कधी मिळते. तीत चालता व्हिडिओ क्वचितच असतो. शीर्षक, दिनांक व वर्णन मात्र मिळू शकते आणि तेवढ्यावरून पुढचा शोध सुरू करता येतो.

सर्वांत फलदायी मार्ग मात्र माणसांचा आहे. मंडपात कॅमेरा सांभाळणारा स्वयंसेवक, ध्वनिव्यवस्था पाहणारा कारागीर, छायाचित्रकार, समितीचे चिटणीस यांच्यापैकी कोणाच्या तरी संगणकात मूळ फाइल पडून असते. तिचे मोल त्यांना ठाऊक नसते आणि जागा भरली की ती पुसली जाते. म्हणून विचारणा लवकर करावी. वर्षभराने केलेल्या दहा विचारणांपेक्षा आठवड्याच्या आत केलेला एक दूरध्वनी अधिक उपयोगी पडतो.

प्रत कोणती घ्यावी

यूट्यूबच्या अॅपमध्ये ‘डाउनलोड’ केले म्हणजे व्हिडिओ आपला झाला, असा समज सर्वत्र आढळतो. ती प्रत त्या अॅपपुरतीच असते. ठरावीक मुदतीत मोबाइल इंटरनेटला जोडला गेला नाही किंवा मूळ व्हिडिओ काढला गेला, तर ती प्रतही उघडत नाही. आवडीच्या यादीत ठेवलेला व्हिडिओ मूळ ठिकाणाहून गेला की यादीतही रिकामी जागा उरते. लहान क्लिपचेही तसेच. यूट्यूबवर प्रेक्षकाने तयार केलेली क्लिप मूळ व्हिडिओवर अवलंबून असते. मूळ काढला की क्लिपही जाते. जपायचे असेल तर मूळ आणि संपूर्ण फाइल जपावी.

ती फाइल मिळविण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रक्षेपण करणाऱ्याकडे मागणे. वाहिनीच्या चालकाला यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचे व्हिडिओ एकेक करून उतरवून घेता येतात; सर्व एकदम हवे असतील तर गूगलच्या ‘टेकआउट’ सेवेतून मागविता येतात. फेसबुकवरही खातेधारकाला आपली माहिती व व्हिडिओ उतरवून घेण्याची सोय आहे. दुसऱ्याचा व्हिडिओ परस्पर उतरवून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. परंतु तसे करणे माध्यमांच्या अटींविरुद्ध असते आणि अशा संकेतस्थळांवरून संगणकात घातक प्रोग्राम शिरण्याचा धोकाही असतो. विचारून मिळणारी वस्तू न विचारता घेण्याचे कारण नाही. अचौर्य हे अणुव्रत जेथे बालपणापासून शिकविले जाते, तेथे याहून अधिक सांगणे नको.

फाइल व्हॉट्सअॅपने मागविल्यास एक काळजी घ्यावी. व्हिडिओ म्हणून पाठविल्यास त्याचा दर्जा घटतो. दस्तऐवज म्हणून पाठविल्यास मूळ दर्जा राहतो. फाइल फार मोठी असेल तर पेन ड्राइव्ह देऊन ती प्रत्यक्ष भरून घेणे सर्वांत सोपे.

प्रक्षेपण करणाऱ्यांचे कर्तव्य

मंदिर समिती वा मंडळ स्वतः प्रक्षेपण करीत असेल, तर जतनाची सुरुवात प्रक्षेपणापूर्वीच व्हावी. ओबीएस हा विनामूल्य प्रोग्राम प्रक्षेपण चालू असतानाच त्याची प्रत संगणकात नोंदवू शकतो. नोंद एमकेव्ही या प्रकारात करावी. मधेच वीज गेली तर एमपी४ प्रकारातील अपूर्ण फाइल बहुधा उघडतच नाही; एमकेव्ही प्रकारात तोपर्यंतचा भाग शाबूत राहतो. जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे या एका निवडीने संपूर्ण प्रवचन वाचते. गावातील इंटरनेट मंद असल्याने प्रक्षेपण अडखळले, तरी संगणकातील नोंद अखंड राहते, हा आणखी एक लाभ.

जागेचा हिशेब आधीच करावा. प्रतिसेकंद ६ मेगाबिट वेगाने केलेली नोंद तासाला सुमारे २.७ गिगाबाइट जागा घेते. दहा दिवस रोज दोन तास प्रवचन झाले तर २० तासांचे सुमारे ५४ गिगाबाइट होतात. एक टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर अशी १८ पर्वे बसतात. मंडप, विद्युत रोषणाई व भोजन यांच्या खर्चाशेजारी हा खर्च मांडून पाहिला, तर तो किती अल्प आहे हे ध्यानी येईल.

प्रवचनाच्या आधी वा नंतर चित्रपटसंगीतावर आधारलेल्या स्तवनांच्या ध्वनिमुद्रिका वाजविल्या जातात. अशा संगीतावरील हक्क ओळखणारी यंत्रणा यूट्यूबवर आहे. तिच्यामुळे व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा संपूर्ण व्हिडिओ अडविला जाऊ शकतो. प्रवचनाचा भाग स्वतंत्र ठेवल्यास ही हानी टळते.

अनुमतीचा विचार तर प्रथम करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात व्याख्यान देणाऱ्या व्यक्तीचाही कलाकाराच्या व्याख्येत समावेश आहे. आपल्या व्याख्यानाच्या नोंदीवर तिचा अधिकार असतो. कायद्यापलीकडे परंपरेचाही प्रश्न आहे. कित्येक साधू-साध्वी विजेच्या उपकरणांचा, ध्वनिक्षेपकाचाही, वापर वर्ज्य मानतात. तेथे नोंद नको असे सांगितले गेले, तर तो निर्णय आदराने मान्य करावा. श्रावकाने कान देऊन ऐकावे आणि घरी येऊन लिहून काढावे, ही जुनी वाट तेथे खुली आहेच.

तुकड्यांचा विवेक

दीड तासाच्या प्रवचनातील चाळीस सेकंदांचा तुकडा सर्वत्र फिरतो आणि संपूर्ण प्रवचन कोणी पाहत नाही, हे आता नित्याचे झाले आहे. तुकडा उपयोगी असतो. आजारी माणसाला, घाईत असलेल्या तरुणाला त्यातून बोध मिळतो. परंतु वक्त्याने आधी पूर्वपक्ष मांडला असेल आणि तुकड्यात तेवढाच आला असेल, तर त्याच्या तोंडी विपरीत मत जाते. एका नयाने केलेले विधान संपूर्ण सत्य म्हणून मांडू नये, ही शिकवण अनेकान्ताच्या उपासकांना नवी नाही.

बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेल्या आचार्य विद्यासागर महाराजांची समाधी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगड येथील चंद्रगिरी क्षेत्रावर झाली. अशा विभूतींच्या बाबतीत नवा शब्द आता येणार नाही. जे नोंदले गेले तेवढेच पुढील पिढ्यांना मिळणार. म्हणून त्यातील प्रत्येक तुकड्याबरोबर स्थळ, दिनांक आणि संपूर्ण प्रवचनाची खूण असलीच पाहिजे. तुकडा पुढे पाठविताना मूळ व्हिडिओत तो कोणत्या मिनिटाला येतो, हे एका ओळीत लिहावे. एवढ्या लहान सवयीने अपसमजाला आळा बसतो, आणि पुढे कोणी शोध घेऊ लागला तर त्याला मूळ गाठता येते.

तीन प्रती आणि एक नोंदवही

एकाच जागी असलेल्या प्रतीचे काय होते, हे जैन समाजाने अनुभवले आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रावरील प्राचीन प्रती दीर्घकाळ मूडबिद्रीच्या एकाच भांडारात होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करून घेण्याची जी खटपट सुरू झाली, तिच्या अग्रभागी सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी होते. १८८५ मध्ये ‘जैन बोधक’ सुरू करणारे तेच हे व्यापारी. नकला तयार होण्यास अनेक वर्षे लागली. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जे दर्शनापुरते उरले होते ते अभ्यासकांच्या हाती आले. महाबंधाच्या प्रतीतील काही भाग किडीने नष्ट झाल्याचे ऐकून आचार्य शांतिसागर महाराजांनी हे आगमग्रंथ ताम्रपत्रांवर कोरविण्याची प्रेरणा दिली. ज्यांचा स्वतःचा अखेरचा शब्द पुढे ध्वनिफितीवर राहिला, त्यांनीच ग्रंथांच्या जतनाची अशी चिंता वाहिली होती.

आजच्या फाइलींनाही हाच नियम लावावा. प्रती तीन असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. वळसंगच्या त्या घरापुरते बोलायचे तर एक प्रत घरातील हार्ड डिस्कवर, दुसरी सोलापूरला आत्याकडच्या डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील सशुल्क साठवणीत ठेवता येईल. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी वापरावा. त्यावर विसंबू नये. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर अथवा दुकानाच्या उन्हात तापणाऱ्या कपाटात डिस्क ठेवू नये.

प्रत घेतल्यावर ती मोजून घ्यावी. माल उतरवताना पोती मोजल्याशिवाय सही होत नाही, तसेच फाइल उघडून आरंभ, मध्य आणि शेवट पाहिल्याशिवाय मूळ पुसू नये. फाइलीला नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आरंभ करावा, जसे ‘२०२५-०८-३० उत्तम आर्जव’. त्यामुळे शेकडो फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

आणि एक नोंदवही ठेवावी. तीत दिनांक व तिथी, वक्ता, स्थळ, विषय, अवधी, फाइल कोणाकडून मिळाली, अनुमती कोणी दिली आणि प्रती कोठे आहेत, एवढे रकाने पुरेत. वही कागदाची असली तरी चालेल, किंबहुना बरेच. संगणक न उघडणाऱ्या आजोबांनाही ती वाचता येते, आणि खात्याचा पासवर्ड ठाऊक असलेली एकच व्यक्ती घरात नसली तरी काम अडत नाही.

श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, शास्त्रभांडारातील पोथ्या बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनात बांधण्याची रीत आहे. श्वेतांबर घरांत कार्तिक शुद्ध पंचमी ज्ञानपंचमी म्हणून पाळली जाते. व्यापाऱ्यांची ती लाभपंचमीही होय. आपापल्या परंपरेतील त्या दिवशी पोथ्यांबरोबर डिस्कही बाहेर काढाव्यात, प्रत्येक प्रत जोडून पाहावी, वर्षभरातील नव्या फाइली तीनही ठिकाणी गेल्या की नाही हे वहीवरून ताडून घ्यावे आणि पाच-सहा वर्षांची जुनी डिस्क बदलावी.

राहिले आजींचे आर्जव. नातवाने ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या कारागिराला विचारले, तर चित्र नसले तरी निदान आवाजाची नोंद मिळण्याचा संभव आहे. समितीच्या चिटणिसांकडे त्याहून अधिकही असू शकेल. तेथेही काही नसेल, तर आजींना जेवढे आठवते तेवढे त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यावे. वहीतील पहिली नोंद तीच करावी.